तंतू की कणिका

(पडदा काळा. हळूहळू हिरवी रेघ उमटते, मग दुसरी.)

हे जे हिरवं दिसतंय ना, ते सगळं एका यीस्टच्या पेशीतलं आहे. एकच पेशी. आकार साधारण ५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा २०० पेशी ओळीने बसतील. तिच्या कडेकडेने, भिंतीच्या अगदी आतल्या अंगाला ही जी दोऱ्यांची जाळी पसरलीय, तो मायटोकॉन्ड्रिया. हो तोच, पेशीचं पॉवरहाऊस म्हणून आपण पाठ केलेला आणि वहीत लांबट गोळी काढून आत एक नागमोडी रेघ मारली की झाली आकृती, तो.

आता वरच्या बाजूची ती फांदी बघा. तुटली. तुकडा मोकळा झाला, जरासा सरकला आणि शेजारच्या दोऱ्याला जाऊन लागला, आणि नुसता लागला नाही तर त्यात मिसळूनच गेला, सांधा कुठे होता तेही आता दाखवता येणार नाही. व्हिडिओ फास्ट केलाय बरं का. खऱ्या वेळेत असं तुटणं किंवा जुळणं दर दोन-तीन मिनिटांत एखादं होतं. पण थांबत नाही. पेशी वाढतेय, खातेय, तोवर हे चालूच.

तर प्रश्न साधा आहे: ह्याचा आकार ठरवतं कोण?

नावापासूनच घोळ आहे खरं तर. १८९० मध्ये रिचर्ड आल्टमन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला पेशींमध्ये हे कण दिसले, त्याला वाटलं हे पेशीच्या आत राहणारे स्वतंत्र सजीवच आहेत, त्याने नाव दिलं बायोब्लास्ट. १८९८ मध्ये कार्ल बेंडाने आज वापरतो ते नाव दिलं. ग्रीकमध्ये मिटॉस म्हणजे दोरा, कॉन्ड्रॉस म्हणजे दाणा. त्याला कधी दोरा दिसायचा, कधी दाणा, कधी दाण्यांची माळ, मग त्याने दोन्ही शब्द जोडून टाकले. मराठीतला तंतुकणिका हा शब्द पण तोच, तंतू अधिक कणिका. म्हणजे नावातच भांडण ठेवलंय आणि कोणी सोडवायला गेलं नाही.

१९१४-१५ च्या सुमारास मार्गारेट आणि वॉरन लुईस ह्या जोडप्याने कोंबडीच्या गर्भातल्या जिवंत पेशी काचेवर वाढवून तासन्‌तास बघितल्या आणि लिहून ठेवलं की ह्या गोष्टी सारख्या आकार बदलतात, लांबतात, तुटतात, जुळतात. अगदी बरोबर लिहिलेलं. पण पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला आणि गाडी उलटी गेली. त्यात जिवंत पेशी बघता येत नाही, पेशी मारून तिचे पातळ काप करावे लागतात, १०० नॅनोमीटरपेक्षाही पातळ. आता एखाद्या जाळीचा पातळ काप घेतला तर काय दिसणार? ठिपके. गोल, लांबट ठिपके. तेच ठिपके पुस्तकात गेले आणि गोळी झाली.

१९७३ मध्ये हॉफमन आणि एव्हर्स ह्या दोघांनी यीस्टच्या पेशीचे एकामागून एक सलग काप घेतले आणि ते एकावर एक रचून बघितले. सगळे ठिपके एकमेकांना जोडलेले निघाले. पेशीत एकच भला मोठा, फांद्या फुटलेला मायटोकॉन्ड्रिया. (पुढे कळलं की कायम एकच असतो असंही नाही. भरपूर खायला असताना मोठं जाळं, खाणं संपून पेशी थंडावली की बरेच छोटे तुकडे.) मला हे प्रकरण फार आवडतं, कारण इथे नवीन यंत्र काही लागलं नाही, तेच काप, फक्त सलग बघायचा कंटाळा केला नाही.

आता यीस्टच का, हे सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

यंत्र कसं चालतं हे बघायचं तर त्यातला एकेक भाग काढून बघायचा, जेनेटिक्सवाल्यांची ही जुनी रीत. पण बहुतेक जिवांमध्ये मायटोकॉन्ड्रिया बिघडवला की जीवच जातो, मग बघणार काय. यीस्टचं तसं नाही. त्याला ग्लुकोज दिलं की ते फर्मेंटेशनवर म्हणजे किण्वनावर भागवतं, ऑक्सिजन वापरून ऊर्जा करायची गरजच पडत नाही. १९४९ मध्ये पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी ह्यांच्या लॅबमध्ये यीस्टच्या अशा वसाहती दिसल्या ज्या जगत होत्या पण खुरट्या होत्या, त्यांना नाव पडलं पेटीट, फ्रेंचमध्ये लहान. त्यांचा श्वसनाचा कारभार बंद पडलेला होता. अशा पेशी ग्लुकोजवर वाढतात पण ग्लिसरॉल दिलं की अडकतात, कारण ग्लिसरॉल वापरायला चालू मायटोकॉन्ड्रियाच लागतो. हे ग्लुकोज-ग्लिसरॉलचं लक्षात ठेवा, पुढे ह्याच्यावर एक भारी युक्ती येणार आहे.

एक गोष्ट मात्र यीस्टला पण सोडता येत नाही. मायटोकॉन्ड्रिया शून्यातून बनत नाही, जुन्यातूनच नवा होतो. त्यामुळे श्वसन बंद असलं तरी आईला कोंब फुटून होणाऱ्या पिल्लू पेशीला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे, त्यात श्वसनाशिवायची पण काही कामं होतात ज्यांच्यावाचून पेशी मरते.

१९९० मध्ये मायकल याफी ह्यांच्या लॅबने ह्याच गोष्टीवर नेम धरला. पद्धत अशी की पेशींमध्ये आडवेतिडवे म्युटेशन म्हणजे जीनमधले बदल करायचे (असा बदल झालेला जीव तो म्युटंट), नेहमीच्या तापमानाला ठीक पण ३७ अंशांवर नेल्यावर बिघडतील अशा पेशी निवडायच्या आणि मग एकेक नमुना मायक्रोस्कोपखाली ठेवून डोळ्यांनी बघायचं, मायटोकॉन्ड्रिया पिल्लात पोचतोय का, आकार सरळ आहे का. कंटाळवाणं काम. त्यातून जे जीन सापडले त्यांचं आडनाव एमडीएम, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाची वाटणी आणि आकार. चार वर्षांनी एमएमएम-वन नावाचा जीन सापडला, तो काढला की दोरे गायब, पेशीत एक-दोन मोठे फुगे. ह्या फुग्यांकडे नंतर परत येऊ, कारण त्यांनी सगळ्यांना पंधरा वर्षं फसवलं.

(फळमाशीच्या शुक्रपेशीचा काप.)

जोडणारं पहिलं प्रोटीन यीस्टमध्ये नाही, फळमाशीत सापडलं. माशीचा शुक्राणू तयार होताना सगळे मायटोकॉन्ड्रिया एकमेकांत मिसळून दोन मोठे होतात आणि एकमेकांभोवती गुंडाळले जातात, कापून बघितलं तर कांदा कापल्यासारखं दिसतं. एका म्युटंटमध्ये हे मिसळणंच होत नव्हतं, कांदा धुरकट दिसायचा, म्हणून जीनचं नाव ठेवलं फझी ओनियन्स. माशीवाले नावं ठेवण्यात कुणाला ऐकत नाहीत. हे झालं १९९७ मध्ये, हेल्स आणि फुलर ह्यांचं काम. पुढच्याच वर्षी यीस्टमधला त्याचा भाऊबंद सापडला, फझो-वन.

फझो-वन मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पापुद्र्यात रोवलेलं असतं आणि त्याचा मोठा भाग बाहेर पेशीरसात डोकावतो. दोन दोरे जवळ आले की ह्या दोऱ्यावरचं फझो त्या दोऱ्यावरच्या फझोला पकडतं, जीटीपी नावाचं इंधन जाळतं आणि पापुद्रे एकमेकांत मिसळायच्या अंतरावर ओढले जातात. पण मायटोकॉन्ड्रियाला पापुद्रे दोन, बाहेरचा आणि आतला, म्हणजे एका जोडणीत चार पापुद्रे आले, आणि बाहेरचा बाहेरच्यालाच जुळला पाहिजे आणि आतला आतल्यालाच, नाहीतर सगळी गळती. आतल्या पापुद्र्याचं काम एमजीएम-वन करतं. मधे दुवा म्हणून तिसरं एक आहे, उगो-वन, हे २००१ मध्ये सापडलं आणि नाव आलंय जपानी भाषेतल्या एकत्र होणं ह्या अर्थाच्या शब्दावरून.

एमजीएम-वन जरा बारकाईने बघू. ते दोन रूपांत असतं, लांब आणि आखूड. लांब रूप आतल्या पापुद्र्यात अडकलेलं, आखूड रूप मोकळं, आणि लांबाला कापून आखूड करणारं पीसीपी-वन नावाचं वेगळं प्रोटीन आहे. गंमत म्हणजे जोडणीला दोन्ही रूपं लागतात, एकट्याने होत नाही. आणि हे कापणं नीट व्हायला मायटोकॉन्ड्रियाच्या आत एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, पुरेसं लागतं, म्हणजे ज्या तुकड्यात ऊर्जा नाही त्याची जोडायची सोय आपोआप कमी होते. आजारी तुकडा बाहेरच राहतो. हे काही कुणी ठरवून केलेलं नाही, पण ठरवून केल्यासारखं दिसतं खरं.

माणसात ह्याचंच जे रूप आहे त्याला ओपीए-वन म्हणतात. ते बिघडलं की डोळ्याची नस हळूहळू वाळत जाते, हे २००० मध्ये कळलं. फझोची माणसातली जोडी मायटोफ्युसिन, त्यातलं दुसरं बिघडलं की हातापायांच्या नसांचा शार्को-मारी-टूथ हा आजार होतो, ते २००४ मध्ये. दोन्हीकडे मार नसांनाच, कारण लांबच लांब पेशी, टोकापर्यंत मायटोकॉन्ड्रिया पोचवायचाय.

असो, यीस्ट. फझो-वन बिघडवलं की काय होतं बघा. ३७ अंशांवर नेलं आणि काही मिनिटांतच जाळीचे तुकडे तुकडे. दोऱ्याची कणिका झाली. आणि थोड्या पिढ्यांत मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए पण गेला. (त्याला स्वतःचा छोटा डीएनए असतो, बाकी बहुतेक प्रोटीनांचे जीन केंद्रकात.) पेशी पेटीट झाली. सगळ्यांचा निष्कर्ष साहजिक होता: जोडणी नाही तर जाळं नाही, जाळं नाही तर डीएनए नाही.

आता तोडणारा गडी. डीएनएम-वन. हे डायनामिन घराण्यातलं प्रोटीन, ह्या घराण्याचं पिढीजात काम म्हणजे नळीभोवती वेटोळं घालून आवळायचं. डीएनएम-वन पेशीरसात मोकळं फिरतं, मायटोकॉन्ड्रियाच्या पृष्ठभागावर फिस-वन नावाची खुंटी आहे, त्या खुंटीला एमडीव्ही-वन अडकतं, त्याला डीएनएम अडकतं, एकाला एक जोडत वेटोळं तयार होतं आणि जीटीपी जाळून ते आवळतं, नळी तुटते. हे काढून टाकलं तर उलटं चित्र, मायटोकॉन्ड्रिया सलग मासे पकडायच्या जाळ्यासारखा होतो आणि पेशीच्या एका बाजूला गोळा होऊन बसतो.

इथे मापाचा एक घोळ होता. डीएनएमचं वेटोळं साधारण ११० नॅनोमीटर व्यासाचं, आणि मायटोकॉन्ड्रियाची नळी ३०० ते ४०० नॅनोमीटर. अंगठी बोटापेक्षा लहान. मग ती चढते कशी? २०११ मध्ये जिया व्होल्ट्झ ह्यांच्या लॅबने दाखवलं की जिथे तुटणार आहे तिथे आधीच ईआर म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं दुसरं एक जाळं, त्याच्या नळ्या मायटोकॉन्ड्रियाला विळखा घालून बसलेल्या असतात आणि नळी तिथे आधीच बारीक झालेली असते. यीस्टमध्ये पण आणि प्राण्यांच्या पेशींमध्ये पण. म्हणजे तोडायची जागा मायटोकॉन्ड्रियाचा शेजारी दाखवतोय.

(दोन चित्रं शेजारी शेजारी. खाली नावं नाहीत.)

आता ही दोन चित्रं बघा. एक साधी, धडधाकट यीस्ट पेशी आहे. दुसरीत फझो-वन पण नाही आणि डीएनएम-वन पण नाही, जोडणारं गेलं आणि तोडणारं पण गेलं. ओळखा कुठली कुठली.

नाही ओळखता येत. १९९९ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना हेच दिसलं. एकेक काढलं तर वाट लागते, दोन्ही काढली तर जाळं जवळपास जसंच्या तसं. डीएनए पण शाबूत, ग्लिसरॉलवर पण वाढते. म्हणजे आधीचा तो साहजिक निष्कर्ष अर्धाच खरा होता. फझो गेल्यावर जाळं जोडणी बंद पडल्यामुळे नाही तुटलं, जोडणी बंद असताना तोडणी चालूच राहिली म्हणून तुटलं. डीएनए गेला तो पण तुकडे झाल्यामुळे. एमजीएम-वनचं तर नावच त्यावरून पडलं होतं, मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम सांभाळणारं, १९९२ मध्ये ते डीएनए हरवणाऱ्या म्युटंटमधूनच सापडलेलं, आणि पुढे कळलं की तोडणी बंद केली तर एमजीएम नसताना पण डीएनए टिकतो.

आणि आता ती ग्लिसरॉलची युक्ती. फझो बिघडलेल्या पेशी घ्या, तापमान वाढवा, ग्लिसरॉलवर ठेवा. सगळ्या अडकणार, कारण तुकडे, डीएनए गेला, श्वसन बंद. पण त्यातल्या लाखात एखादीची कात्रीच योगायोगाने मोडलेली असेल, तर तिचे तुकडे होणार नाहीत आणि ती एकटी वाढेल. म्हणजे मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायलाच नको, जी जगली तिच्यात तोडणीचा एखादा भाग बिघडलाय, घ्या शोधून. फिस-वन आणि एमडीव्ही-वन २००० मध्ये सापडले त्यात ह्या युक्तीचा मोठा हात आहे. बिघाडावर दुसरा बिघाड शोधायचा, मला तर ह्या पूर्ण विषयातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

पण मग दोन्ही नसताना पेशीचं काहीच अडत नाही का? अडतं. यीस्टच्या दोन पेशींचा संकर होतो तेव्हा दोन्हीकडचे मायटोकॉन्ड्रिया एकमेकांत मिसळतात, एकाचा लाल आणि दुसऱ्याचा हिरवा रंगवला तर थोड्या वेळात सगळंच पिवळं. दुहेरी म्युटंटमध्ये लाल लालच राहतो आणि हिरवा हिरवाच. स्थिर चित्र सारखं, हालचाल वेगळी. फोटोवरून दोघी सारख्या, व्हिडिओत नाही.

आता ते फुगे. एमएमएम-वन, एमडीएम-टेन, एमडीएम-ट्वेल्व्ह, एमडीएम-थर्टीफोर, ह्या चौघांपैकी कुठलंही काढलं की गोल गोल फुगे. त्यामुळे बरीच वर्षं समज असा की हा मायटोकॉन्ड्रियाचा सांगाडा असणार, नाहीतर त्याला पेशीच्या ॲक्टिन तंतूंना, म्हणजे ॲक्टिन नावाच्या प्रोटीनच्या दोऱ्यांना, बांधणारी गाठ. २००९ मध्ये बेनुआ कोर्नमान, पीटर वॉल्टर ह्यांच्या लॅबमध्ये, वेगळ्याच वाटेने आला. त्याला ईआर आणि मायटोकॉन्ड्रिया एकमेकांना बांधणारं प्रोटीन शोधायचं होतं. त्याने एक कृत्रिम प्रोटीन बनवलं, एक टोक ईआरमध्ये, दुसरं मायटोकॉन्ड्रियात, आणि मग असा म्युटंट शोधला जो ह्या कृत्रिम दोरीच्या जोरावरच तग धरतो. सापडलं काय, तर एमडीएम-ट्वेल्व्ह. जुनाच गडी. चौघं मिळून ईआर आणि मायटोकॉन्ड्रियामधला पूल बनवतात, त्यातलं एमएमएम-वन तर बसतंच ईआरमध्ये. ह्या पुलावरून लिपिड म्हणजे पापुद्र्याचा कच्चा माल ये-जा करतो. म्हणजे फुगा हा सांगाडा मोडल्याचा पुरावा नव्हताच, मालाचा पुरवठा बिघडल्यावर दिसणारं लक्षण होतं. नुसता आकार बघून प्रोटीनचं काम सांगायला गेलं की असं होतं, आणि एमडीएम आडनावाच्या निम्म्या मंडळींची कथा थोडीफार अशीच आहे.

आतल्या घड्यांबद्दल थोडक्यात, कारण तो खरं तर वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे. ती वहीतली नागमोडी रेघ म्हणजे आतल्या पापुद्र्याच्या घड्या, क्रिस्टी. घडीच्या कडेला एटीपी बनवणारी यंत्रं जोडीजोडीने, तिरकी टेकलेली उभी असतात, अशा जोड्यांची रांग लागली की पापुद्रा तिथे आपसूक वाकतो. जोडी बांधणारे छोटे भाग काढले तर एकात एक गोल पापुद्रे, परत कांदा. आणि घडीच्या तोंडाशी मायकॉस नावाचं प्रोटीनांचं टोळकं, जे २०११ मध्ये एकाच सुमारास वेगवेगळ्या गटांना सापडलं आणि प्रत्येकाने आपलं नाव दिलं, शेवटी २०१४ मध्ये सगळ्यांनी बसून एकच नाव ठरवलं.

(परत पहिली पेशी. तिच्या बाजूला छोटा कोंब फुटलाय.)

आता परत आपल्या पेशीकडे. तिला कोंब फुटलाय, हे तिचं पिल्लू. यीस्टमध्ये मायटोकॉन्ड्रिया ॲक्टिनच्या दोऱ्यांवरून जातो, ओढणारी मोटर म्हणजे मायो-टू, आणि मोटरला मायटोकॉन्ड्रिया अडकवायला एमएमआर-वन. पण सगळाच ओढून नेला तर आईकडे काय उरणार? म्हणून आईच्या बाजूला नम-वन हा नांगर आहे, तो मायटोकॉन्ड्रियाला पेशीच्या कडेला बांधून ठेवतो. एक ओढतंय, एक धरून ठेवतंय, आणि मधला दोरा ताणला जाऊन लांब होतो. मघाशी जाळी कडेकडेने पसरलेली दिसली ती बरीचशी ह्या ओढाताणीमुळे. डीएनएम काढल्यावर जाळं एका बाजूला गोळा होतं म्हटलं ना, त्या डीएनएमबरोबर नम-वन पण काढलं की ते आकसून आणखीच छोटं होतं.

आता टोकाकडे बघा. दोऱ्याचं टोक कोंबात शिरलं, आतल्या भिंतीला लागलं. नम-वनचे ठिपके इथे लाल रंगवलेत. आत्तापर्यंत कोंबात लाल काही नव्हतं. टोक भिंतीला लागलं आणि त्या जागी लाल ठिपके जमायला लागले, म्हणजे पिल्लातला नांगर मायटोकॉन्ड्रिया तिथे पोचल्यावर तयार होतोय, २०१७ मध्ये लॉरा लॅकनर ह्यांच्या लॅबने हे दाखवलं. मग त्याच नांगराला डायनीन नावाची दुसरी मोटर येऊन लागते, आणि ती आईच्या पेशीत असलेलं केंद्रक मानेतून ओढून घ्यायला लागते. निळं आहे ते केंद्रक. हिरवा दोरा आधी जाऊन बसलाय, निळं आत्ता कुठे हलायला लागलंय.